लुगडं पाठवू नका

कोल्हापूर, १७ जानेवारी १९६८

नृसिंहराव यांस,

वर काय लिहावं यातच दोन कागद फुकट गेले. कालिंदी तुम्हाला दादा म्हणायची. माझ्या तोंडात ते बसत नाही, आणि तुम्हालाही ते माझ्याकडून चालणार नाही. आमच्याकडं बायकोच्या भावाला पावणं म्हणतात, आणि रस्त्यात वाट विचारणाऱ्या माणसालाही पावणंच म्हणतात. तुम्ही त्यातले कोण, ते तुम्हीच ठरवा.

कालिंदी भोगीच्या दिवशी गेली.

तुम्हाला मुद्दाम तार केली नाही. तार केली असती तर तुम्ही आला असता किंवा नसता, पण बेळगावात कुणीतरी तुमच्या कानावर घातलं असतं की सवाष्ण गेली, माहेरचं लुगडं लागतं. आणि तुम्ही ते पाठवलं असतं. म्हणून हे पत्र. नृसिंहराव, तुमच्या पाया पडतो, लुगडं पाठवू नका. आम्ही दोघं लग्न करून तुमच्या जिन्यात उभे होतो तेव्हा तुम्ही वरून म्हणाला होता, "आता तुझ्या अंगावर माझ्या घरचं सूतही पडणार नाही." तो शब्द पाळा, एवढंच मागतो.

हे वाचून तुम्हाला वाटेल, याचं डोकं फिरलं. तसं नाही. नीट सांगतो.

आजार रक्ताचा होता. मिरजेला नेलं तेव्हा तिथले म्हातारे डॉक्टर तपासणीचे कागद बघून बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी विचारलं, "साहेब, आमाला यायला उशीर झाला का?" सगळ्या दवाखान्यांत तेच सांगतात म्हणून विचारलं. ते म्हणाले, "उशीर नाही हो. तुम्ही फार लवकर आलात. याच्यावर औषध निघणार आहे. दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील, पण निघणार." कालिंदी हसली. परत येताना गाडीत म्हणाली, "जोती, जन्मात पहिल्यांदा तू मला कुठंतरी वेळेच्या आधी पोचवलंस." मला ती जोतीच म्हणायची, चारचौघांतसुद्धा. आमच्या आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ते बिलकूल खपायचं नाही.

मी मात्र डॉक्टरांचं वाक्य धरून बसलो. लवकर आलोय, तर थांबायचं. स्टँडवर माणूस गाडीच्या आधी पोचलं तर ते काय मरतं? बाकावर बसतं.

गेल्या वर्षी न्हाव्याच्या दुकानात एका फाटक्या अंकात वाचलं होतं, की अमेरिकेत एका प्रोफेसराला मेल्यावर गोठवून ठेवलंय, औषध निघालं की उठवणार. न्हावी म्हणाला, "उठल्यावर दाढी केवढी झाली आसंल रं?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा कालिंदी ठणठणीत होती, खालच्या नळावर कळशी घेऊन भांडत होती.

मी सध्या बर्फाच्या कारखान्यात आहे. त्याआधी ट्रकवर क्लीनर होतो, मालवणचे मासे आणायचो. गगनबावड्याच्या घाटात धुकं असं दाटायचं की ड्रायव्हर मला कंदील देऊन ट्रकच्या पुढं चालायला लावायचा. मागं ट्रक, पुढं काही नाही, आणि मध्ये मी गाणी म्हणत. असो. कारखान्याच्या मागं मासे ठेवायची खोली आहे, हल्ली रिकामी असते. मालक नवीन मशीन बघायला तिकडं मद्रासकडं गेलेत. मशीनवरचा मिस्त्री केरबा माझा दोस्त. कालिंदी त्या खोलीत आहे. खाली भुसा, वर बर्फाच्या लाद्या, वर गोणपाट.

तिसऱ्या दिवशी म्युनिसिपालटीच्या आरोग्य खात्याचे साहेब आले. कुणीतरी कळवलं असणार.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"बर्फ," केरबा म्हणाला.

"बर्फाच्या खाली?"

"माझी बायको हाय," मी म्हटलं.

साहेब जरा मागं सरले. "आरं, मयत कुणी बर्फाच्या कारखान्यात ठेवतं व्हय?"

"मासं ठेवत्यात की."

"मासं खायाला ठेवत्यात, गाढवा!"

मी औषधाचं सांगितलं. अमेरिकेचं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "अमेरिकेचा कायदा अमेरिकेत. हितं मयत असं ठेवून घ्यायला कायद्यात जागा न्हाय. आज पंचगंगेवर न्या, न्हायतर मला पोलीस आणावं लागंल."

आक्का दारात बसली होती. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. ती एकदम उठून ओरडली, "न्या म्हणं! कशी न्यायची? अहेव बाई हाय ती. माहेरचं लुगडं आलंय का? बिनलुगड्याची उचलू व्हय?"

ती मला शिव्या द्यायलाच ओरडली होती, पण साहेबांनी टोपी काढली. "भाऊ कुठं असतो?"

"बेळगावला. हायस्कुलात शिकवतो."

"मग तार करा की लवकर. लुगडं आल्याबिगर कसं उचलणार? माझ्या भनीच्या टायमाला आमीबी थांबलतो." आणि ते गेले.

कायद्यात नव्हती ती जागा लुगड्यात निघाली, नृसिंहराव. ते येत नाही तोवर तिला कुणी हात लावत नाही. म्हणून म्हणतो, आजवर जसे गप्प होता तसेच राहा.

शुद्धलेखन कालिंदीनं सुधारलं होतं माझं. आता तपासायला कुणी नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

जोतीराम

*

कोल्हापूर, २३ जानेवारी १९६८

नृसिंहराव यांस,

तुमचं उत्तर नाही, लुगडं नाही. उपकार झाले.

रोज कुणीतरी विचारतं, "भाऊ आला का?" मी म्हणतो, निघालाय. असं सांगता सांगता मलाच कधी कधी वाटतं की तुम्ही खरंच निघाला आहात, निपाणीला चहा पीत आहात. तुम्ही कसला चहा पिता ते कालिंदीनं सांगितलंय, आलं चालत नाही तुम्हाला.

लुगड्यावर किती दिवस निघणार म्हणून मी गणपतराव वकिलांकडं गेलो. ट्रकवर होतो तेव्हा एका अपघातात त्यांनी आमच्या ड्रायव्हरला सोडवलं होतं. पक्षकार नसला की ते पेटी वाजवतात. त्या दिवशीही वाजवत होते. मी सगळं सांगितलं तोवर त्यांनी भाता सोडला नव्हता, मग सोडला.

"कायदा मयताला तीनच वाटा देतो," ते म्हणाले. "जाळा, पुरा, नाहीतर वैद्यकीच्या पोरांना शिकायला द्या. ते मिरजेला ठेवतात औषधाच्या पाण्यात, वर्ष वर्ष."

"मग ठेवता येतं की!"

"कापायला ठेवता येतं. उठवायला ठेवायचं कलम नाही."

"का न्हाय?"

"आजवर कुणी उठलं नाही म्हणून."

"पण उठली तर?"

"उठली तर ती मयत नाही, मग कायद्याची तक्रारही नाही. तोवर आहे."

मी म्हटलं, मग ती मेलीच नाही, आजारी आहे असं लिहून देतो. डॉक्टर म्हणालेत ना औषध निघणार, मग ती पेशंट झाली, नंबर लागलाय तिचा. वकील हसले नाहीत. म्हणाले, "जोतीराम, मेल्याचा दाखला तूच आणलास ना?" आणलाय मीच. भोगीच्या दिवशी मी काय काय आणलं, काय काय केलं, मला सगळं आठवतही नाही. बाजरीच्या भाकरीला तीळ लावलेले होते तिनं, ते आठवतंय.

तरी मी अर्ज केला. कलेक्टर कचेरीत तो या टेबलावरून त्या टेबलावर गेला. एका क्लार्कनं मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "पावणं, आमच्या बॉसलाबी ठेवा की मग त्यात, रिटायर व्हईपतोर." सगळं ऑफिस हसलं. न्हाव्याच्या दुकानात मी हसलो होतो तसंच.

वकिलांनी सावध केलंय. मयत कुणीच उचललं नाही तर ते बेवारस धरतात, आणि बेवारस गेलं की मिरजेलाच जातं, टेबलावर. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून मी आरोग्याच्या साहेबांना लिहून दिलंय: आमच्यात माहेरचं लुगडं आल्याशिवाय सवाष्णीला उचलत नाहीत, भावाची वाट बघतोय. खाली माझी सही, आक्काचा अंगठा. अंगठा देताना आक्का म्हणाली, "ह्ये मातर खरं लिवलंस."

तुम्हाला एक गोष्ट माहीत नसेल. तुमच्या थोरल्याच्या मुंजीला बर्फ घेऊन मीच आलो होतो. तेव्हा बेळगावातही हातगाडीवर बर्फच ओढायचो, मग ते सोडलं, मग तंबूच्या सिनेमात पडदा बांधायला गेलो, मग ट्रक. कुठंच टिकत नाही मी. तर तुमच्या अंगणात कालिंदी पन्ह्याचं पातेलं घेऊन उभी होती. म्हणाली, "एवढा बर्फ येतो कुठून?" मी म्हटलं, "हिमालयातनं. आत्ताच आलोय." ती म्हणाली, "मग दमला असाल, पन्हं घ्या." इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाली, की माझीच फजिती झाली. माझ्या खांद्यावर लादीचा काळा डाग आहे, उघड्या खांद्यावर बर्फ वाहिला की पडतो. तो बघून तिनं विचारलं होतं, "भाजलंय का?" मी म्हटलं, "बर्फानं." तिला ते खरं वाटलं नाही.

हिमालयाचं खरं मानल्यासारखं केलं आणि हे खरं होतं ते मानलं नाही.

थंडी अजून बरी आहे. शिमग्याच्या पुढं कसं होईल बघू. मशीन चालू आहे. तुम्ही आहात तसेच राहा.

जोतीराम

*

कोल्हापूर, ३१ जानेवारी १९६८

नृसिंहराव यांस,

घाईत लिहितोय. आक्का तुमच्याकडं निघालीय. गडमुडशिंगीला घरी जाऊन येते म्हणून गेली ती गावात पोचलीच नाही. केरबानं तिला स्टँडवर बेळगावच्या गाडीत बसलेली बघितली, भाकरीचं गठुडं घेऊन. हे पत्र येईपर्यंत ती तुमच्या पायरीवर बसलेली असेल. तिला दार उघडू नका. तुमच्या घरच्यांनाही सांगा. ती बसेल, ती दोन दिवस बसेल, विधवा बाई आहे, शेत एकटीनं करते, तिला बसायची सवय आहे. बसू द्या.

झालं असं, की काल केरबाचं आणि माझं वाजलं. तो लाद्या सरकवता सरकवता म्हणाला, "जोत्या, मी ह्या खोलीत उभी हयात मासं ठेवलं. बर्फात मासा टिकतो, लेका. जगत न्हाय. खाणारा येईपतोर टिकतो, बास."

मी म्हटलं, "अमेरिकेत—"

"अमेरिकेत काय बर्फ घालत्यात व्हय? तूच वाचून दाखवलंस न्हवं का, कसलं तरी पाणी हाय त्येंचं, बर्फाच्या बापासारखं थंड. आपलं मशीन पन्ह्याचं हाय."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. हात उगारला. आक्कानं मला मागनं धरलं. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली. "जोती, तिला ठेवलीस कुणासाठी रं? तिच्यासाठी, का तुझ्यासाठी?"

मी म्हटलं, तिच्यासाठी.

"मग ती काय म्हणालती त्ये सांग की सगळ्यास्नी."

आक्का तुम्हालाही हेच सांगेल. म्हणेल, कालिंदी शेवटी तुमचं नाव घेत होती, लुगड्याचं बोलत होती. तिच्यावर विश्वास ठेवू नका. ताप होता. तापात माणूस काहीही बोलतं, मी एकदा हिवतापात ट्रकच्या टायरशी बोलत होतो.

नृसिंहराव, तुम्ही शिकलेले आहात. विचार करा. तुमचं लुगडं आलं की दुपारी ती पंचगंगेवर, तिसऱ्या दिवशी रक्षा. मग पंधरा वर्षांनी मिरजेच्या त्याच दवाखान्यात कुणीतरी पोर बरी होऊन चालत घरी जाईल, आणि ते पेपरात येईल, आणि तुम्ही-मी ते वाचू. तेव्हा काय करायचं आपण? ते मला कुणी सांगत नाही. साहेब नाही, वकील नाही, आक्का नाही. सगळ्यांना आजची दुपार दिसते.

तुम्ही तिच्यावर रागावला होता. राग जाऊ देऊ नका. एवढे दिवस टिकवलात तो, आणखी थोडा टिकवा.

जोतीराम

*

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी १९६८

नृसिंहराव,

तुम्ही काल येऊन गेलात आणि मी आज पत्र लिहितोय म्हणजे मला वेड लागलंय असं केरबा म्हणतो. पण समोर मला बोलता आलं नाही.

तुम्ही आक्काच्या मागून आलात, काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. हिरवं. कागद फाटून काठ दिसत होता. मी दारात आडवा झालो होतो, आठवतं? म्हणालो होतो, माझ्या अंगावरनं जा. तुम्ही म्हणालात, "बाजूला हो. मला तिला बघायचंय." तुमचा आवाज जिन्यात होता तसाच होता, मास्तरचा. मी बाजूला झालो. काय करणार.

केरबानं तोंडावरचं गोणपाट काढलं. तोंडावर आम्ही बर्फ ठेवत नाही, बाजूनं ठेवतो. तुम्ही किती वेळ उभे होतात तुम्हाला कळलं नसेल. बाहेर मशीन दोनदा बंद पडून चालू झालं. आक्का म्हणाली, "मास्तर, द्या आता, नेसवते मी." तुम्ही ऐकलंच नाही. मग म्हणालात, "ही झोपेत अशीच भुवई वर करायची." आणि मग माझ्याकडं वळून, "दहा वर्षं म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, "धा. पंधरा."

तुम्ही लुगडं परत काखेत मारलंत. आक्काला म्हणालात, "मी दिलं नाही. मी आलोच नाही असं समजा." आणि स्टँडकडं चालू लागलात. आक्का मागून ओरडत होती, "आवं मास्तर! आवं काय करताय ह्ये!" तुम्ही मागं बघितलं नाहीत. खांदे हलत होते तुमचे.

मी आजवर कुणासमोर वाकलो नाही, पण त्या वाटेवर तुमच्या पाऊलखुणांना हात लावून तो कपाळाला लावला. आता मी एकटा नाही. आता दोघं आहोत आपण. चार वर्षांनी तुम्ही तिच्यासाठी काही केलंत, आणि जे केलंत ते तिला लुगडं न देणं! तिला सांगितलं असतं तर ती किती हसली असती.

दादा म्हणू का तुम्हाला?

जोतीराम

*

कोल्हापूर, एसटी स्टँड, ७ फेब्रुवारी १९६८

दादा,

लुगडं पाठवा.

मागची सगळी पत्रं फाडून टाका. हे एकच खरं धरा.

काल लाद्या बदलत होतो. गोणपाट तिच्या उजव्या हाताला चिकटलं होतं. केरबा म्हणाला, "ओढू नगं, पाणी टाक, सुटंल." मी ओढलं. दादा, मी ओढलं. पुढचं लिहीत नाही. बोटं काळी पडलीत, माझ्या खांद्यासारखी. बर्फानं भाजतं हे सगळ्या कोल्हापुरात मला पक्कं ठाऊक, डाग घेऊन फिरतो, आणि मीच तिला त्यात ठेवली. रक्तावर औषध निघेल पंधरा वर्षांनी. निघू दे. त्या हाताला कोण औषध काढणार? उठलीच तर ती पहिल्यांदा हात बघेल, आणि विचारेल, "भाजलंय का?"

तोंड तुम्ही बघून गेलात तसं आता राहिलेलं नाही. तुमच्या डोळ्यांत जे आहे तेच राहू द्या, म्हणून तुम्हाला या म्हणत नाही. फक्त लुगडं पाठवा.

आज सकाळी साहेब परत आले. पोलीस बरोबर होता, पण तो बाहेर थांबला. साहेब म्हणाले, "भाऊ येऊन गेला म्हणं. लुगडं घेऊन परत गेला."

मी म्हटलं, "पुन्हा येणार हाय."

"जोतीराम, येणाऱ्या लुगड्यासाठी मी थांबलतो. परत गेलेल्या लुगड्यासाठी कसं थांबू? माहेरानं नाकारली असंच लिवावं लागतंय मला. उद्या दुपारपतोर तुमी उचला. न्हाय उचलली तर बेवारस. मग मिरजंची गाडी येती."

मी म्हटलं, मी उचलतो, आत्ता उचलतो. तर आक्का उभीच राहिना. म्हणाली, "बिनलुगड्याचीला मी हात लावणार न्हाय. तूच लिवून दिलंयस, माझा अंगठा हाय खाली." गल्लीतल्या बायका, ज्या तिला न्हाऊ घालायला आल्या होत्या, त्याही दारातून परत गेल्या. मीच सगळ्यांना इतके दिवस पटवलं होतं ना, की त्याशिवाय होत नाही. चांगलं पटलंय.

मी बाजारातलं आणतो म्हटलं. आक्कानं नुसतं बघितलं माझ्याकडं.

तिला काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे. मी तुम्हाला लिहिलं होतं, ताप होता. ताप नव्हता. भोगीच्या सकाळी कालिंदी चांगली उठून बसली, भाकरीला तीळ लावले. म्हणाली, "जोती, दादा मला आज ना उद्या लुगडं धाडेल बघ. मी असताना नाही धाडलं तर नसताना धाडेल. तेवढं आल्यावर मग मला उचल. घाई करू नकोस, तुझी सवय आहे घाईची." मी म्हटलं, गप, तुला काय झालंय. आणि तीळ खात बसलो.

ती लुगड्यासाठी थांबली होती, दादा. औषधासाठी मी थांबलो होतो. आणि लुगडं दारात आलं तेव्हा मी आडवा झालो.

तुमचा मला राग येत नाही. ते हातातून का सुटत नाही ते मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं. लुगडं तुमच्या काखेत आहे तोवर ती गेलेली नाही, असंच ना? मी तेच लाद्यांनी करत होतो.

पोस्टानं पाठवू नका, उशीर होईल. हे पत्र बेळगावच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. ओळखीचा आहे, ट्रकवर असताना घाटात त्याची गाडी आम्ही ओढून काढली होती. शाळेत येऊन तुमच्या हातात देईल. तोच परत येणार आहे. त्याच्याजवळ द्या. मी स्टँडवरच आहे, बेळगावच्या फलाटासमोरच्या बाकावर. प्रत्येक गाडीत चढून बघीन. माझी गाडी चुकेल म्हणून घाबरू नका, लवकर येऊन बसलोय.

हिरवंच पाहिजे असं काही नाही. वहिनींचं जुनं असलं तरी चालेल. आणि तेही हातातून सुटत नसेल तर त्या हिरव्याच्या पदराची एक दशी ओढून काढा आणि कागदात घालून द्या. सूत म्हणाला होता ना तुम्ही जिन्यावरून. सूतच पाठवा. आक्काला मी समजावतो. तेवढ्यावर आम्ही तिला उचलतो.

जोती